घर तिच्या नावावर, ओटा कुणाच्या मापाचा?

परवा एका गृहप्रवेशाला गेले होते. बार्शीपासून दहा-बारा किलोमीटरवरचं गाव. आमच्या बचत गटातल्या एका बाईचं घरकुल पूर्ण झालं होतं. दाराला आंब्याचं तोरण, भिंतींना नवा पिवळा रंग आणि दाराशेजारी पाटी. पाटीवर योजनेचं नाव आणि त्याखाली तिचं स्वतःचं नाव! नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, तिचं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वीस वर्षांपूर्वी मी गावोगाव फिरायला लागले तेव्हा सात-बारावर बाईचं नाव शोधून सापडत नसे.

मग मी कौतुकानं आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. रुंदी पाच फूट, लांबी सात फूट. लांब भिंतीला दोन फुटांचा ओटा. म्हणजे उभं राहायला उरली तीन फुटांची पट्टी. दार आतल्या बाजूला उघडणारं, ते उघडलं की मांडणीला अडतं. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पिंप लागतंच. ते ठेवलं होतं त्याच पट्टीत. पंगत अर्थातच बाहेरच्या खोलीत बसली. ती बिचारी भाजीचं पातेलं घेऊन बाहेर, भाकरीसाठी परत आत, मीठ राहिलं म्हणून पुन्हा आत. पाहुणे उठले, पोरं उठली, मग ती ताट घेऊन टेकली ती उंबऱ्यावर! नव्या घरातलं तिचं पहिलं जेवण उंबऱ्यावर झालं.

मी तिला म्हटलं, "अगं, घर तुझं. स्वयंपाकघर जरा मोठं नाही का सांगायचंस?" तर म्हणाली, "ताई, पाटीवर नाव माझं हाय. पर आखणी झाली त्या दिशी मी खुरपायला गेल्ते."

मैत्रिणींनो, तिचं हे एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आजचा विषय स्वयंपाकघराचा. तुम्ही म्हणाल, देशात एवढ्या घडामोडी चालू असताना ही बाई ओट्यावर काय लिहितेय? पण ओटा हीसुद्धा घडामोडच आहे, आणि ती आपल्या पायाखाली घडते आहे. कशी ते सांगते.

लाखो स्वयंपाकघरं आखली जाताहेत

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं प्रधानमंत्री आवास योजनेच्या पुढच्या टप्प्याला मंजुरी दिली. ग्रामीण भागात २०२४-२५ ते २०२८-२९ या पाच वर्षांत आणखी २ कोटी घरं आणि शहरी भागात १ कोटी कुटुंबांना मदत. आपल्या महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये २० लाख कुटुंबांना घरकुलाची मंजुरीपत्रं देण्यात आली. म्हणजे तेवढे चौथरे बांधले जाणार आणि तेवढीच स्वयंपाकघरं आखली जाणार. एकदा भिंत उभी राहिली की पुढची तीस-चाळीस वर्षं ती हलत नाही. सून येते, नातसून येते, ओटा तोच राहतो.

ग्रामीण योजनेचे नियम वाचले तर आश्चर्य वाटतं. त्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, घर बाईच्या नावानं किंवा नवरा-बायको दोघांच्या नावानं मंजूर करायचं. विधुर, अविवाहित किंवा विभक्त राहणारा पुरुष असेल तर गोष्ट वेगळी. दोन, घर लाभार्थीनं स्वतः बांधायचं, सरकारी खात्यानं ठेकेदार नेमायचा नाही. आणि तीन, घराचं किमान माप २५ चौरस मीटर, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी ठरावीक जागा असलीच पाहिजे. आधीच्या इंदिरा आवास योजनेत हेच माप २० चौरस मीटर होतं.

आता हे तिन्ही नियम एकत्र वाचा. मालक बाई, बांधणारी बाई आणि स्वयंपाकाची जागा सक्तीची! कागदावर सगळं आपल्या बाजूनं आहे. मग ती उंबऱ्यावर का जेवली? कारण नियमात 'जागा हवी' एवढं आहे. ती कुठे, केवढी आणि कशी, हे ठरतं ते आखणीच्या दिवशी. फक्की टाकताना तिथं कोण उभं असतं? गवंडी, नवरा, सासरा, एखादा शेजारी. बाई एक तर रानात असते, नाहीतर या सगळ्यांसाठी चहा टाकत असते.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला सांगत नाही. माझीच गोष्ट ऐका. २००९ मध्ये आम्ही घर बांधलं. मी चांगली बी.ए. झालेली, महिला मंडळात भाषणं करणारी. इंजिनिअर घरी आले, टीपॉयवर नकाशा पसरला, हे आणि मामंजी त्यावर वाकले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. "वहिनी, तो कागद जरा सरकवा आणि ठेवा इथंच," म्हणाले. मी सरकवला आणि ठेवला! मला नंतर एकच प्रश्न विचारला गेला, टाइल्स कोणत्या रंगाच्या हव्यात? मीही हौसेनं मोतिया रंग सांगितला. ओटा झाला ३५ इंचांचा आणि मी आहे ४ फूट ११ इंच! कुकरमध्ये डोकावायला टाचा उंच कराव्या लागायच्या. खांदे इतके भरून यायचे की शेवटी मी एक पाट ओट्यापुढे टाकला आणि त्यावर उभी राहून स्वयंपाक करायला लागले. लोकांनी बसून जेवायचा पाट, मी उभं राहायला वापरला. सहा वर्षं! मग ओटा फोडून बसका करून घेतला. आधी विचारलं असतं तर गवंड्याला एक पैसाही जादा लागला नसता.

गरिबाच्या स्वयंपाकघराचं माप

आता आकड्यांकडे येऊ. आपल्या देशात इमारतींसाठी राष्ट्रीय इमारत संहिता आहे. २०१६ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. ती मार्गदर्शक असते, प्रत्यक्ष नियम आपापल्या नगरपालिकेचे. पण माप कुठून आलं हे कळायला ती उपयोगी आहे. जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि रुंदी किमान १.८ मीटर, असं ती सांगते. म्हणजे साधारण ५४ चौरस फूट आणि रुंदी सहा फूट. स्वयंपाक आणि जेवण एकाच खोलीत असेल तर किमान ७.५ चौरस मीटर आणि रुंदी २.१ मीटर. म्हणजे ८१ चौरस फूट आणि रुंदी सात फूट. नऊ बाय नऊची खोली धरा.

आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांना? त्याच संहितेत त्यांच्यासाठी वेगळी सवलत आहे. दोन खोल्यांच्या घरातलं स्वयंपाकघर ३.३ चौरस मीटर चालतं, रुंदी दीड मीटर. नुसता स्वयंपाकाचा कोनाडा असेल तर २.४ चौरस मीटरसुद्धा चालतो! ३.३ चौरस मीटर म्हणजे साडेपस्तीस चौरस फूट. माझ्या मैत्रिणीचं पाच बाय सात म्हणजे पस्तीस. म्हणजे गवंडी काही फार चुकला नव्हता. कमीत कमी जे चालतं, तेच त्यानं बांधलं.

मला सांगा, गरिबाच्या घरात माणसं कमी असतात का? भाकऱ्या कमी लागतात का? उलट त्यांच्या घरी मिक्सर कमी, हात जास्त. पाणी भरून ठेवायची भांडी जास्त. धान्याची पोती जास्त. सवलत द्यायचा हेतू चांगला असेल, खर्च आवाक्यात राहावा म्हणून किमान माप खाली आणलं असेल. पण आपल्याकडे किमान मापाचं कमाल माप कधी होतं ते कळतच नाही. आणि कात्री लागते ती नेमकी त्या खोलीला, जिथं बाई सगळ्यात जास्त वेळ असते.

किती वेळ? केंद्र सरकारनं २०२४ मध्ये वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरच्यांसाठीची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसातले २८९ मिनिटं त्यात जातात, आणि ही कामं करणाऱ्या पुरुषांचे ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास! २०१९ च्या सर्वेक्षणात हाच आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. गॅस आला, मिक्सर आला, नळ आला आणि वाचली दहा मिनिटं. ही सगळी कामं काही ओट्याशीच होत नाहीत हे खरं, पण त्यातला मोठा हिस्सा तिथंच जातो हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

गॅसचंच घ्या. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून १० कोटींहून जास्त जोडण्या दिल्या गेल्या. धुरातून सुटका ही फार मोठी गोष्ट आहे. पण गॅस ज्या घरात आला, ते घर चुलीच्या मापाचं होतं. मी कितीतरी घरांत शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर तिच्या शेजारी, असं बघते. अगदी चुकीचं! शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. सिलिंडर उभाच ठेवायचा. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली जमिनीलगत साचतो. त्यामुळे वरच्या खिडकीबरोबर जमिनीलगतही हवा जायला वाट हवी. ओट्याखाली सिलिंडरपुढे घट्ट दार लावून घेण्याची जी फॅशन आहे ना, ती म्हणूनच धोक्याची. दार लावायचंच असेल तर त्याला खाली जाळी हवी.

शंभर वर्षांपूर्वीचा एक धडा

छोट्या स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार पहिल्यांदा नेटानं झाला तो जर्मनीत. १९२६ साली फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी स्वस्त घरं बांधताना मार्गारेटे श्युटे-लिहोट्झ्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटर. बाईची पावलं आणि वेळ वाचावा म्हणून कोणती वस्तू कुठे हवी ते आधी ठरवलं आणि मग भिंती आखल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आपण ज्याला आज 'मॉड्युलर किचन' म्हणतो त्याची आजी म्हणा ना!

पण त्यात एक उणीव राहिली, आणि पुढच्या काळात बायकांनीच ती दाखवून दिली. ते स्वयंपाकघर एकाच माणसाला मावेल असं होतं. घरचे जेवायचे शेजारच्या खोलीत. त्यामुळे पावलं वाचली, पण बाई एकटी पडली. दुसरं कुणी मदतीला आत येणार तरी कसं? जागाच नाही!

आपल्या जुन्या वाड्यांतली स्वयंपाकघरं आठवून बघा. अंधारी होती, धुराची होती, त्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण चुलीसमोर पाट मांडून घरचे बसायचे आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात पडायची. वाढायला दहा खेपा नव्हत्या. म्हणून माझं म्हणणं असं, की घर लहान असेल तर स्वयंपाकघराचे आणि जेवणाचे असे दोन तुकडे करूच नका. एकच नऊ बाय नऊची खोली करा.

मग बाहेरची खोली लहान होईल, असं घरातली माणसं म्हणतील. करा हिशोब. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. त्यातून ८१ वजा केले तर १८८ उरतात. दहा बाय बाराची बाहेरची खोली केली तर तिचे १२०. उरले ६८, त्यात भिंती आणि न्हाणी. बसतंय ना? आणि पंगत आत गेली की बाहेरच्या खोलीत खरकटं नाही, मुंग्या नाहीत, दर जेवणाला झाडणं-पुसणं नाही. आल्या-गेल्याला ती खोली कायम मोकळी.

नऊ बाय नऊचं गणित

खोलीच्या लागून असलेल्या दोन भिंतींना, काटकोनात, दोन फूट रुंदीचा ओटा घ्या. दारापासून लांबच्या दोन भिंती निवडा. मध्ये उरते सात बाय सात फुटांची मोकळी जागा. तिची दोन कामं. ओट्याच्या बाजूची साडेतीन फूट वावरायला आणि उरलेली साडेतीन फूट जेवायला. जमिनीवर बसायचं तर एका माणसाला सव्वादोन फूट रुंदी पुरते. म्हणजे एका ओळीत तिघं आरामात. चौथं माणूस काटकोनात बसेल. ते चौथं माणूस म्हणजे तुम्ही! हात लांब केला की ओटा, मागं वळलं की पाणी.

गुडघे दुखतात, सासूबाईंना खाली बसवत नाही, असं असेल तर टेबल. पण दुकानातलं चार खुर्च्यांचं टेबल या खोलीत आणू नका. खुर्ची मागे ओढून उठायला अडीच फूट लागतात, सगळी खोली तेच खाईल. त्यापेक्षा भिंतीला बिजागरीवर चार बाय दोन फुटांची फळी बसवून घ्या. खाली एक आडवा टेकू. जेवायच्या वेळी उघडायची, एरवी भिंतीला. खुर्च्यांऐवजी तीन-चार स्टुलं, ती फळीखाली सरकतात. गावातला सुतार हे एका दिवसात करून देतो. संध्याकाळी तुम्ही भाजी चिरताय आणि पोरं त्याच फळीवर अभ्यास करताहेत, हा फायदा वेगळाच.

आता ओट्यावरची मांडणी. स्वयंपाकाचा क्रम आठवा. आधी धुणं, मग चिरणं, मग शिजवणं. त्याच क्रमानं जागा हव्यात. एका टोकाला सिंक, मध्ये निदान दोन फूट मोकळा ओटा, मग शेगडी. पुष्कळ घरांत शेगडी आणि सिंक एकमेकांना खेटून असतात आणि चिरायची जागा उरते ती पार तिसरीकडे. मग दिवसभर हेलपाटे. शेगडी अगदी खिडकीखाली किंवा दारासमोर नको, वाऱ्यानं ज्योत हलते, विझते. खिडकी सिंकवर घ्या, उजेड भांड्यांवर पडेल. शेगडीच्या वर, छताजवळ पंख्यासाठी भोक मात्र बांधतानाच ठेवा, पंखा पुढच्या दिवाळीला बसवलात तरी चालेल.

ओट्याची उंची? गवंडी म्हणेल, "बाई, समदीकडं चौतीस इंचच असतो." ऐकू नका. चपला काढून सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईला बहुधा ३२-३३ इंच येतं. भाकरी थापायला, कणीक मळायला त्याहून दोन-तीन इंच खाली बरं पडतं. आपल्याकडे रोज ज्वारीची भाकरी, तेव्हा ओट्याचा एक तुकडा खाली घ्यायला काहीच हरकत नाही.

ओट्याखाली महागडे ड्रॉवर नसले म्हणून बिघडत नाही. कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करा, हवाही खेळते आणि झुरळंही लपत नाहीत. रोजचे डबे गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत ठेवा. वर्षाचं धान्य, पापड-कुरडयांचे डबे, पाहुण्यांची भांडी माळ्यावर. पिंपाची जागा नकाशातच दाखवा, सिंकजवळच्या कोपऱ्यात, दीड-दोन फूट. आपल्या गावांत पाणी आड दिवसानं येतं, कधी चौथ्या दिवशी येतं, आणि नकाशा काढणारे नळाला चोवीस तास पाणी धरून चालतात. स्वयंपाकघराचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं घ्या, आतली जागा वाचेल.

वास्तुशास्त्र बघणाऱ्यांनी खुशाल बघावं, आग्नेय कोपरा मिळत असेल तर उत्तमच. पण मी अशी घरं पाहिली आहेत, जिथं शेगडी आग्नेयेला आहे आणि खिडकीच नाही! दिशा बघायला माणूस आणता, तर धूर कुठून जाणार तेही त्याला विचारा.

फ्लॅट घेणाऱ्यांनीही ऐकावं

तालुक्याच्या गावांतही आता अपार्टमेंट झाल्या आहेत. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'प्रशस्त किचन-डायनिंग'. प्रशस्त हे माप नाही. मंजूर नकाशात खोलीची लांबी-रुंदी किती लिहिली आहे ते बघा, त्यातून ओट्याचे दोन-दोन फूट वजा करा, मग उरेल ती तुमची जागा. २०१६ च्या रेरा कायद्यानं चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे. बाहेरच्या भिंती आणि फक्त तुमच्या वापराची बाल्कनी त्यात धरत नाहीत. त्यामुळे 'ड्राय बाल्कनी धरून किचन मोठं आहे' असं कुणी म्हणालं तर दोन्ही मापं वेगवेगळी लिहून मागा. भांडी घासायला ती बाल्कनी उत्तम, पण तिथं पंगत बसत नाही.

आणि हो, महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. त्या सवलतीसाठी पुष्कळ नवरे घर बायकोच्या नावावर करतात. चांगलंच आहे! पण सही करायला बोलावतात, तसं नकाशा बघायलाही बोलावलं पाहिजे.

फक्कीच्या दिवशी रजा घ्या

आता माझं मुख्य सांगणं. जागेचा प्रश्न आहे, पैशाचाही आहे, ते मला मान्य. पण त्याहून मोठा प्रश्न आहे तो तिथं हजर असण्याचा. नकाशा वाचता येत नाही म्हणून बायका मागे राहतात. नका वाचू! त्या गृहप्रवेशानंतर आमच्या बचत गटात आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. ज्या बाईचं घर मंजूर झालंय तिनं बैठकीला यायचं, अंगणात रांगोळीनं नऊ बाय नऊचा चौकोन काढायचा, त्यात ओटा आखायचा आणि आत उभं राहायचं. एकीनं शेगडीपाशी, दुसरीनं सिंकपाशी. दोन पाट, दोन ताटं मांडायची. वाकून बघायचं, वळून बघायचं, पिंपाच्या जागी घागर ठेवून बघायची. अर्ध्या तासात जे कळतं ते कागदावर वर्षभर कळत नाही. मग ती मापं एका चिठ्ठीवर लिहून गवंड्याच्या हातात द्यायची. आणि आखणीच्या दिवशी रोजगार बुडाला तरी चालेल, पण फक्की पडेपर्यंत जागेवरून हलायचं नाही.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका बाईचे सासरे लांबून बघत उभे होते. म्हणाले, "हे काय पोरखेळ चाललाय?" आम्ही त्यांनाच पाटावर बसवलं आणि सुनेला वाढायला सांगितलं. ती चार पावलांत वाढून मोकळी झाली आणि शेजारच्या पाटावर बसली. म्हातारबुवा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दार तिकडून घ्या, म्हंजी वारं येईल." झालं की नाही काम? माणसं वाईट नसतात हो, त्यांनी त्या पट्टीत कधी उभं राहून बघितलेलं नसतं, एवढंच.

आणि खोलीत दोघांना वावरता येतं तेव्हा दुसरं माणूस आत येतं, हाही अनुभव आहे. माझा ओटा मोडून बसका केला तेव्हा आम्ही मधली भिंतही काढली. तेव्हापासून आमचे 'हे' ताटं मांडतात, पाणी घेतात. पूर्वी का नाही केलं, असं विचारलं तर म्हणाले, "तुझ्या पाटामुळे आत यायला वाट कुठे होती?" मी काय बोलणार!

उंबऱ्यावर जेवलेली माझी मैत्रीण आता काय करू शकते, असं तुम्ही विचाराल. तिची भिंत तर उभी राहिली. पण आम्ही दोघींनी मिळून मापं घेतली आहेत. तिच्या स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीमधली भिंत विटांची आहे, स्लॅबचा भार तिच्यावर आहे की नाही हे आधी इंजिनिअरला दाखवायचं. नसेल तर कमरेच्या वरचा भाग काढून तिथंच फळी बसवायची. तोवर दार उलट्या बाजूनं उघडायचं काम मागच्या आठवड्यात झालंसुद्धा. खर्च आला फक्त बिजागऱ्यांचा. आता पिंप दारामागे गेलंय आणि तिथं एक पाट मावतो. एकच, पण तिचा.

तुमच्या घरी, गल्लीत, गावात कुणाचं घर मंजूर झालं असेल तर पेढे खायला जालच. जाताना पिशवीत एक मापाची टेप आणि मूठभर रांगोळी टाका. आणि घरच्या मालकिणीला आधी एक प्रश्न विचारा, "बाई गं, यात तू कुठे बसून जेवणार?"